पेट्रोल आउटबोर्ड उतरवून विजेची मोटर: कोल्हापूरजवळच्या एका नौकाविहार केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहरालगतच्या एका तलावावर एक कुटुंब ठेक्यानं नौकाविहार चालवतं. थोरला भाऊ हिशेब आणि परवाने बघतो, धाकटा दिवसभर धक्क्यावर असतो, दोन नावाडी पगारावर आहेत. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

त्यांच्याकडे पायडलच्या होड्या, फायबरच्या दोन मोटरबोटी आणि रबराची फुगवायची एक बचावबोट आहे. मोटरबोट ५.२ मीटर लांब, आठ प्रवासी आणि एक नावाडी घेणारी. दोन्ही मोटरबोटींवर ८ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन, होतं, बचावबोटीवर १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक.

फेरी ठरलेली. धक्क्यावरून निघून तलावाला वळसा, १.४ किलोमीटर, १३ मिनिटं. चढ-उतार आणि लाइफ जॅकेट घालण्या-काढण्यात आणखी सात. म्हणजे तासाला तीन फेऱ्या. रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा या वेळात एका बोटीच्या साधारण २२ फेऱ्या होतात, कारण दुपारी एक ते तीन उन्हामुळे धक्का जवळपास रिकामा असतो. इतर दिवशी पाच-सहा फेऱ्या. हंगाम ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये पावसानं जोर धरला की होड्या वर ओढायच्या.

अडचण

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, इथे ५० ला १ या प्रमाणात. सिलिंडरमध्ये नवं मिश्रण शिरताना त्यातलं काही न जळताच धुराबरोबर बाहेर पडतं, आणि आउटबोर्डचा धूर पंख्याच्या मधून थेट पाण्यात सुटतो. कमी वेगात हा अपव्यय जास्त. नौकाविहाराचं सगळं काम कमी वेगातच चालतं, त्यामुळे वारा नसलेल्या सकाळी धक्क्याजवळ तेलाचा रंगीत तवंग दिसायचा. फिरायला येणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, आवाजाच्या आणि वासाच्याही. ठेका वाढवून देताना तलावाच्या मालक संस्थेनं वर्षभरात ‘पाण्यात तेल न सोडणारी’ बोट आणण्याची अट लेखी घातली. ठेक्याची चार वर्षं हातात होती.

पैशाचंही गणित होतं. फेरीमागे ०.४५ लिटर पेट्रोल, लिटरला १०५ रुपये धरले तर ऑइलसह ५० रुपये. रविवारी एका बोटीला दहा लिटर. ते कॅनमधून आणायचं, टपरीमागे ठेवायचं आणि गर्दीत टाकी भरायची. आगीचा धोका धाकट्या भावाला सगळ्यात जास्त सलत होता.

आधी मोजमाप

पहिल्या पुरवठादारानं सरळ भाषांतर केलं होतं: ८ हॉर्सपॉवर म्हणजे ६ किलोवॅट, म्हणून ६ किलोवॅटची मोटर आणि १० युनिटची बॅटरी. बोटीमागे साधारण ८ लाखांचं कोटेशन. हॉर्सपॉवरचा हिशेब बरोबर होता (१ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट), पण प्रश्नच चुकीचा होता. इंजिनाची ताकद किती, यापेक्षा फेरीला ताकद किती लागते हे महत्त्वाचं. ते कुणीच मोजलं नव्हतं.

मोजायला खर्च फारसा आला नाही. एका मोटरबोटीत वाळूच्या ५० किलोच्या १२ गोण्या ठेवल्या, म्हणजे नऊ माणसांचं वजन झालं. तिचं इंजिन वर उचललं. दुसऱ्या बोटीनं २० मीटर दोरानं तिला ओढलं आणि दोराच्या मध्ये भंगारवाल्याकडे असतो तसा १०० किलोचा टांगायचा डिजिटल काटा लावला. दोर लांब हवा, नाहीतर मागची बोट पुढच्या बोटीच्या लाटेत सापडते आणि काट्यावरचा आकडा फसवतो. वेग मोबाइलच्या जीपीएसवर पाहिला. पहाटे, वारा पडलेला असताना, दोन्ही दिशांनी ओढून सरासरी घेतली.

ताशी ६.५ किलोमीटरला ओढ आली २० किलो. ताशी ८.५ किलोमीटरला ४८ किलो. ओढ किलोत, तिला ९.८१ नं गुणायचं, मग वेगानं (मीटर प्रति सेकंद) गुणायचं, की वॅट मिळतात: पहिल्या वेगाला साधारण ३५०, दुसऱ्याला १,११०. वेग तिसऱ्या हिश्शानंही वाढला नाही, ताकद मात्र तिप्पट लागली. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला एक वेगमर्यादा असते. पाण्यातली लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमूळाला ४.५ नं गुणलं की ती ताशी किलोमीटरमध्ये येते. या बोटीची पाण्यातली लांबी ४.८ मीटर, म्हणजे मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटर. तिच्या जवळ गेलं की बोट स्वतःच्याच लाटेवर चढू पाहते आणि जादा ताकद त्या लाटेत जाते.

नेहमीची फेरी ताशी साडेसहाचीच होती. मोटर, पंखा आणि वायर यांत अर्ध्याहून थोडी जास्त ताकद जाते असं धरलं तरी बॅटरीतून ८००-९०० वॅट पुरेसे होते. उरलेली ताकद वाऱ्यासाठी आणि अडीअडचणीसाठी. हे मोजमाप हाती नसतं तर दोन्ही भावांनी एक तर दुप्पट पैसे घातले असते, नाहीतर विषय सोडून दिला असता.

पर्याय

फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन घेणं सगळ्यात सोपं होतं. तवंग जवळपास गेला असता, पेट्रोलही घटलं असतं. पण कॅन, वास आणि आगीचा धोका राहिला असता, आणि अटीचं काय ते पुढच्या वेळी पुन्हा निघालं असतं.

ई-रिक्षाच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या हा धाकट्याचा आग्रह होता. शहरात त्या मिळतात आणि दुरुस्त करणारेही आहेत. १२ व्होल्ट, १३० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या, ६० हजारांत ४८ व्होल्टचा संच. वजन मात्र सुमारे १३० किलो, म्हणजे दोन प्रवासी कमी. फेरीमागे आठाऐवजी सहा तिकिटं. शिवाय लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली की लवकर मरते. कागदावर ६.२ युनिट, वापरायला तीनच्या आसपास, म्हणजे १५ फेऱ्या. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो बंद कप्प्यात साठू देता येत नाही. स्वस्त दिसणारा हा पर्याय दोन तिकिटांच्या हिशेबावरच पडला.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर: ५.१ युनिट, वजन ४८ किलो, किंमत १ लाख ५ हजार. ८० टक्के वापरली तरी ४.१ युनिट हाती.

छतावर सौर पॅनेल लावावं असंही सुचलं होतं. केरळात वैकम ते तवणक्कडवू मार्गावर २०१७ पासून ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट चालते, तिचा दाखला घरात दिला गेला. पण ती बोट सौरऊर्जेसाठीच आखलेली, दोन सांगाड्यांची आणि रुंद छताची आहे. पाच मीटरच्या उघड्या बोटीवर छत चढवलं की वळिवाचा वारा त्यालाच धरतो. तो विचार टपरीच्या पत्र्यापुरता पुढे ढकलला.

थोरल्याची शंका वेगळी होती: पाण्यात वीज आणायची का? ती रास्त आहे, आणि तिचं उत्तर जोडणीत द्यावं लागतं. विजेची प्रवासी बोट ही काही कालची गोष्ट नाही. जर्मनीतल्या क्योनिग्सझे सरोवरावर १९०९ पासून विजेच्याच प्रवासी बोटी चालतात.

निर्णय

३ किलोवॅटची, ४८ व्होल्टवर चालणारी तयार आउटबोर्ड मोटर, बोटीमागे एक एलएफपी बॅटरी, आणि आधी एकच बोट. दुसरी बोट पहिलीचा महिनाभराचा हिशेब बघून.

खरा पेच बॅटरी एक की दोन हा होता. फेरीला ०.२ युनिट धरले तर ४.१ युनिटमध्ये २० फेऱ्या. रविवारच्या २२ ला दोन कमी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा फेरी ०.२८ पर्यंत जाते आणि दिवसाची गरज ५.३ युनिटवर. दुसरी बॅटरी घेऊन अदलाबदल करावी, तर ४८ किलोचा ठोकळा ओल्या, हलत्या धक्क्यावरून दोघांनी उचलायचा. पाय घसरला तर माणूसही जायबंदी आणि बॅटरीही पाण्यात. फेऱ्यांच्या वहीनं हा प्रश्न सोडवला. दुपारी एक ते अडीच बोटी उभ्याच असतात. २५ अँपिअरचा चार्जर दीड तासात साधारण २ युनिट भरतो. आणखी दहा फेऱ्यांची सोय दुपारीच झाली आणि दुसऱ्या बॅटरीचे लाखभर रुपये वाचले.

बचावबोट पेट्रोलवरच ठेवायची, हेही ठरलं. तिला ताशी २०-२५ किलोमीटरनं पळावं लागतं, आणि चार्ज असो-नसो कोणत्याही क्षणी निघावं लागतं. हा निर्णय योग्यच होता, पण त्याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात आला नाही. तो पुढे येईल.

जोडणी

मोटर ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट फळीवर, जुन्याच जागी बसली. बॅटरी मधल्या बाकाखाली, आयपी ६७ दर्जाच्या, म्हणजे पाणी आणि धूळ न शिरणाऱ्या डब्यात, दोन पट्ट्यांनी जखडून. पॉझिटिव्हवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज, मग आयसोलेटर, म्हणजे पुरवठा तोडायचा मुख्य स्विच, मग मोटर. केबल ३५ चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची. पूर्ण ताकदीला ६० अँपिअर वाहतात, त्याला १६ ची केबलही जळणार नाही, पण प्रत्येक सांध्यावर व्होल्टेज पडतं आणि सांधा तापतो. केबलच्या टोकाचे धातूचे लग हायड्रॉलिक क्रिम्पिंगनं षटकोनी दाबून घेतले आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली. हातोडीनं चेपलेला लग पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो.

इथे एक चूक वेळीच सापडली. घरगुती काम करणाऱ्या वायरमननं आयसोलेटरऐवजी ६३ अँपिअरचा नेहमीचा एमसीबी बसवला होता. घरच्या एसी पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून एमसीबी उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसीमध्ये प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी जळत राहते आणि एमसीबी वितळतो. तो काढून डीसीसाठीच बनलेला लावला.

चार्जर टपरीत ठेवला. २३० व्होल्टची वायर धक्क्यावर न्यायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. बोटीपर्यंत जाते ती चार्जरची डीसी केबल, टोकाला अँडरसन कनेक्टर, म्हणजे जाड डीसी केबलचा प्लग. टपरीच्या मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग.

मोटर बदलल्यावर नोंदणीच्या कागदावरचा इंजिनाचा तपशील बदलून घेतला आणि विमा कंपनीला लेखी कळवलं. अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ खालची नोंदणी आणि तपासणी बोटीला असते, मोटर विजेची आहे म्हणून सुटका होत नाही. ही कागदपत्रं मोटर येण्याआधीच सुरू करायला हवीत.

पहिल्या हंगामात काय बिघडलं

पहिलं, चार्जर सारखा बंद पडायचा. मीटरपासून टपरीपर्यंत ६० मीटर वायर होती, दीड चौरस मिलिमीटरची, दिव्यांसाठी ओढलेली. जाऊन-येऊन १२० मीटर तांब्याचा रोध जवळपास १.४ ओहम. एक चार्जर ७ अँपिअर घेतो, दोन्ही लागले की १४. म्हणजे २० व्होल्ट वायरमध्येच पडतात आणि पावणेतीनशे वॅटनं वायर तापते. दुपारी शहराचं व्होल्टेज आधीच उतरलेलं असलं की चार्जर हात टेकायचा. ६ चौरस मिलिमीटरची केबल ओढल्यावर घट ५ व्होल्टवर आली. बोटीत लाखो रुपये घालताना मीटर ते टपरी या वायरकडे कुणी बघितलं नव्हतं.

दुसरं, आयसोलेटर फिरवला की कधीकधी बॅटरी मेल्यासारखी व्हायची. मोटरच्या कंट्रोलरमधले कॅपॅसिटर रिकामे असताना क्षणभर प्रचंड प्रवाह ओढतात आणि बॅटरीतली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, त्याला शॉर्ट सर्किट समजून पुरवठा तोडते. आयसोलेटरला समांतर एक दाबायचं बटण आणि १०० ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर जोडला. बटण पाच सेकंद दाबायचं, मग आयसोलेटर फिरवायचा. त्रास थांबला.

तिसरं, पंखा हवा खायला लागला. वळणावर आणि प्रवासी पुढे बसले असताना मोटर नुसती भिरभिरायची, बोट पुढे जायची नाही. कारण दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. विजेच्या मोटरचा पंखा मोठा आणि संथ असतो. इथला १२ इंची, जुना ९ इंची. मोठ्या पंख्याचं वरचं पातं पृष्ठभागाच्या जास्त जवळ येतं. त्यात मागची पेट्रोल टाकी गेली आणि बॅटरी मध्ये बसली, त्यामुळे बोटीचा मागचा भाग उचलला गेला. लांब शाफ्टची मोटर घ्यावी तर मे महिन्यात पाणी उतरल्यावर धक्क्याजवळ पंखा गाळात रुततो. शेवटी बॅटरी ६० सेंटिमीटर मागे घेतली आणि शिवाजी उद्यमनगरात स्टेनलेस स्टीलचा ब्रॅकेट करून मोटर ५० मिलिमीटर खाली घेतली. ब्रॅकेटला ६ हजार लागले. ज्या शहरात लेथ आणि वेल्डिंग हाकेच्या अंतरावर आहे, तिथे असं काम दोन दिवसांत होतं. परदेशी कंपनीचा तयार ब्रॅकेट मागवण्यात महिना गेला असता.

चौथा प्रसंग सगळ्यात गंभीर. एप्रिलमधला रविवार, संध्याकाळी सव्वासहा, समोरून वारा, बोट भरलेली, आणि तलावाच्या पलीकडच्या बाजूला मोटर बंद. नावाडी दिवसभर व्होल्टमीटर बघत होता. ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीत व्होल्टेज उतरत जातं, त्यावरून किती उरली ते कळतं. एलएफपीत ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंतचा सगळा प्रवास साधारण एका व्होल्टात होतो. काटा ५२ दाखवत होता, नावाड्याला वाटलं बरीच आहे. शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत व्होल्टेज झपाट्यानं कोसळतं आणि बीएमएस तोडते. त्या दुपारी गर्दी लवकर आली म्हणून चार्जिंगची वेळ दीड तासाऐवजी अर्ध्या तासावर आणली होती. म्हणजे बॅटरीनं दगा दिला नाही. दुपारचा ठरलेला तास मोडला आणि तो मोडल्याचं दाखवणारं मीटर बोटीत नव्हतं.

आणि मग तो न दिसलेला परिणाम समोर आला. बचावबोट निघाली, पण इंजिन आठ-दहा वेळा दोरी ओढल्यावर सुरू झालं. पूर्वी तिच्यासाठी ताजं पेट्रोल धक्क्यावर असायचंच, कारण मोटरबोटींना रोज लागायचं. आता धक्क्यावर पेट्रोल येणंच बंद झालं होतं. टाकीत दोन महिन्यांपूर्वीचं पेट्रोल, त्यात इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा साठतो. मोटरबोटी विजेवर गेल्या आणि जीव वाचवायची बोट त्याच कारणानं बेभरवशाची झाली. त्या दिवशी कुणाला इजा झाली नाही, प्रवासी वीस मिनिटं उशिरा उतरले.

यानंतर चार गोष्टी पक्क्या झाल्या. बोटीत १५० अँपिअरचा शंट (प्रवाह मोजायची पट्टी) लावून आत-बाहेर गेलेले अँपिअर-अवर मोजणारं मीटर बसवलं. ३५ टक्क्यांना फेरी बंद, मग धक्क्यावर कितीही रांग असो. आठवड्यातून एकदा बॅटरी १०० टक्के भरून तासभर चार्जरवर ठेवायची, म्हणजे सेल एकमेकांशी जुळतात आणि मीटरचा शून्यही सुधारतो. आणि बचावबोट दर सोमवारी दहा मिनिटं पाण्यात चालवायची, मग पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामं होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. पेट्रोल महिन्याहून जुनं ठेवायचं नाही.

शांततेचेही प्रश्न निघाले. पहिले काही दिवस प्रवासी विचारायचे, “इंजान बंद पडलं व्हय, मामा?” पायडलवाल्यांना मागून येणारी बोट ऐकूच यायची नाही, म्हणून हॉर्न बसवला आणि वळणापूर्वी वाजवायची सवय लावली. त्याहून धोक्याचं धक्क्यावर घडलं: लहान मूल चढत असताना नावाड्याचा गुडघा हँडलला लागला आणि बोट पुढे सरकली. पेट्रोल इंजिन चालू असलं की कानाला कळतं, इथे काहीच कळत नाही. आता बोट धक्क्याला लागली की किल स्विचची (मोटर तत्काळ बंद करणाऱ्या स्विचची) चुंबकी चावी काढून गळ्यात अडकवायची, शेवटचा प्रवासी बसेपर्यंत लावायची नाही.

केंदाळ आणि निर्माल्याचा दोरा पंख्यात दोन्ही मोटरींना अडकतो. विजेच्या मोटरला जास्त भीती मासेमारीच्या नायलॉन दोरीची. ती पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळत सीलपर्यंत जाते, सील कापते आणि पाणी मोटरमध्ये शिरतं. रोज सकाळी पंखा हातानं फिरवून बघायचा, दर पंधरवड्याला स्प्लिट पिन काढून पंखा उतरवायचा आणि मागे बघायचं. पहिल्याच तपासणीत शाफ्टवर बोटभर जाडीचा गुंता निघाला, सील थोडक्यात वाचलं.

निष्पत्ती

प्रत्यक्ष मीटरवर ताशी साडेसहाला ८५० वॅट आले, साडेआठला अडीच किलोवॅट. फेरी ०.२ युनिटची, चार्जरची गळती धरून पाव युनिटच्या आत. युनिटला १३ रुपये धरले तरी फेरीमागे तीन रुपये. ५० च्या जागी तीन.

एका बोटीचा खर्च असा झाला: मोटर २ लाख ९० हजार, बॅटरी १ लाख ५ हजार, चार्जर १४ हजार, केबल-फ्यूज-मीटर १८ हजार, ब्रॅकेट ६ हजार, एकूण ४ लाख ३३ हजार. जुनं इंजिन ४५ हजारांना गेलं. हंगामात बोटीच्या साधारण २,२०० फेऱ्या, म्हणजे इंधनात १ लाख ३ हजारांची बचत, आणि प्लग, इम्पेलर, कार्ब्युरेटर यांचे दहा हजार. निव्वळ गुंतवणूक साडेतीन वर्षांच्या आत निघते, ठेका चार वर्षांचा. अंतर फार नाही. फेऱ्या निम्म्या असत्या तर हा व्यवहार पैशानं परवडला नसता, आणि ६ किलोवॅटचं कोटेशन घेतलं असतं तर या फेऱ्यांवरही परवडला नसता. दुसरी बोट महिनाभराचा हिशेब बघून पहिल्याच हंगामात बदलली. तिला सुरुवातीपासूनच खाली घेतलेला ब्रॅकेट आणि मागे बसवलेली बॅटरी मिळाली.

तवंग गेला. टपरीमागचे कॅन गेले, बचावबोटीचा पाच लिटरचा एक उरला.

वेगळं काय करता आलं असतं

अँपिअर-अवर मीटर पहिल्या दिवशी हवं होतं. ते चार-पाच हजारांचं, आणि ते नसल्यानं आठ प्रवासी पाण्यात अडकले. लाखाच्या बॅटरीबरोबर ते ऐच्छिक म्हणून विकलं जातं, हे चूक आहे. पुरवठादारानं दिलं नाही तर घेणाऱ्यानं अडून बसावं.

ओढ मोजताना बॅटरीच्या जागेचाही प्रयोग तेव्हाच करता आला असता. ४८ किलोची गोणी मध्ये, मग मागे ठेवून, पाण्याची रेषा फायबरवर खडूनं आखली असती तर मागचा भाग किती उचलतो ते आधीच दिसलं असतं आणि ब्रॅकेट मोटरबरोबरच तयार झाला असता.

बॅटरीचा डबा गडद निळा होता. एप्रिलच्या उन्हात तो इतका तापला की बीएमएसनं दोनदा चार्जिंग थांबवलं. एलएफपी बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. आता तो पांढरा आहे आणि बोट दुपारी झाडाच्या सावलीच्या बाजूला बांधतात. रंग मागवतानाच सांगता आला असता.

गोड्या पाण्यासाठी ॲनोडही (मोटरऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) वेगळा लागतो. मोटरबरोबर आलेला जस्ताचा होता, समुद्रासाठीचा. गोड्या पाण्यात त्यावर थर बसतो आणि तो काम करणं सोडतो. मॅग्नेशियमचा दुसऱ्या हंगामात बसवला, तोवर ॲल्युमिनियमच्या बुडावर पांढरे फोड आले होते.

पावसाळ्याच्या साठवणीबद्दल पहिल्या वर्षी ठरवलंच नव्हतं. आता जूनमध्ये बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणून, आयसोलेटर तोडून, घराच्या पहिल्या मजल्यावर ठेवतात आणि महिन्यातून एकदा बघतात, कारण बीएमएस स्वतःच थोडी थोडी वीज खात राहते. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या जिल्ह्यात मोटर आणि चार्जर टपरीत ठेवून कुलूप लावणं चालणार नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. ६ चौरस मिलिमीटरची केबल, आरसीसीबी आणि अर्थिंग यांचा खर्च ठेकेदारानं केला, पण ती राहणार तलावाच्या आवारात. ठेका संपला की ती कुणाची, हे करारात लिहिलेलं नाही. पुढचा करार करताना चार्जिंगची सोय मालक संस्थेनं करावी आणि बोटीतली बॅटरी ठेकेदाराची राहावी, अशी मागणी थोरल्या भावानं लेखी दिली आहे.